बेबीताईची चार बोटं

"गुडघा कोणता? उजवा की डावा?" खिडकीतल्या बाबूने मान वर न करता विचारलं.

"गुडघा नाही साहेब, बोटं," प्रसेनजित म्हणाला.

"पायाची?"

"हाताची."

आता बाबूने मान वर केली. आधी प्रसेनजितकडे पाहिलं, मग त्याच्या मागे उभ्या असलेल्या त्याच्या आईकडे. "हाताच्या बोटांचे सांधे कोण बदलतं? सांधेबदलीत गुडघा असतो, खुबा असतो. बोटं नसतात."

"डॉक्टरीनबाईनं लिहून देल्लं हाय."

"लिहिलं असेल. माझ्या कॉम्प्युटरवर येत नाही."

बेबीताई पुढे झाली. तिने दोन्ही हात पदरातून बाहेर काढून खिडकीच्या फळीवर ठेवले. मुठीच्या गाठी सुपारीएवढ्या सुजलेल्या, आणि त्यांच्यापुढची बोटं सगळी करंगळीच्या बाजूला कललेली, वादळात एका अंगाला लोळलेल्या गव्हासारखी.

"पाहा मंग," ती म्हणाली. "हे तुमच्या कोनत्या खान्यात बसते?"

बाबूने हात पाहिले, नजर चटकन दुसरीकडे वळवली आणि म्हणाला, "जेवणाची सुट्टी झाली. सोमवारी या. मोठ्या साहेबांना विचारून ठेवतो."

अकोल्याहून गावी परतायचं म्हणजे आधी एसटीने शेलूबाजार, तिथून जीपने इंझोरीच्या बाजूला, आणि फाट्यावरून पायी. प्रसेनजित स्वतः शेलूबाजारच्या नाक्यावर जीप चालवायचा. आईला घेऊन अकोल्याला जायचं तर त्या दिवशी त्याची गाडी उभी. परतीच्या वाटेवर बेबीताईच बोलत होती.

"गुडघा म्हनलं असतं तं आजच झालं असतं," ती म्हणाली. "बोटाले कोनी इचारतच नाही."

बेबीताई गावच्या शाळेत पोरांसाठी खिचडी शिजवायची. प्रसेनजित त्याच शाळेत शिकत होता तेव्हापासून. हे काम तिला मिळालं तेव्हा गावात थोडी कुजबुज झाली होती की बौद्धवाड्यातल्या बाईच्या हातचं आपल्या पोरांनी खायचं का. बेबीताईने त्या कुजबुजीला उत्तर दिलं नाही. खिचडी चांगली केली. पोरं ताट चाटूनपुसून घरी जायची आणि आपल्या आयांना म्हणायची, बेबीमावशीसारखी खिचडी कर. कुजबुज आपोआप विरली. तिला स्वतःला हे ठाऊक होतं की गावात आपल्याला जी काही जागा आहे, ती त्या मोठ्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यामागे आहे.

मग संधिवात आला. पहिल्यांदा सकाळी बोटं आखडायची, ऊन चढलं की मोकळी व्हायची. पुढे ऊन चढूनही मोकळी होईनात. कोणी तेल सांगितलं, कोणी काढा सांगितला. बाजारातल्या एकाने सुई टोचली की आठ-पंधरा दिवस बरं वाटायचं आणि मग दुप्पट दुखायचं. बोटं वाकडी होत गेली. बेबीताईने त्यातूनही मार्ग काढला. पातेल्याचा कान बोटांनी धरता येईना तर ती मनगटं खालून घालायची. पळी मुठीत मावेना तर दांड्याला जुनं धोतर गुंडाळून तो जाड केला. दुखायचं, पण काम व्हायचं.

एका हिवाळ्यात वाढताना भरलेली पळी तिच्या हातातून निसटली. समोर दुसरीतली एक मुलगी ताट घेऊन उभी होती. गरम खिचडी तिच्या पावलावर सांडली. मोठं काही झालं नाही, फोड आला आणि वाळला. पण दुपारी त्या मुलीची आई शाळेत आली आणि सगळ्यांसमोर ओरडली, "हात चालत नाही तं इले कायले ठेवता? उद्या कोनाच्या तोंडावर टाकली तं?"

हेडमास्तर प्रेमसिंग राठोड भले माणूस. त्यांनी त्या बाईला शांत करून पाठवलं. मग बेबीताईला म्हणाले, "मावशी, थोडे दिवस आराम करता का?"

बेबीताईने त्याच संध्याकाळी नवऱ्याला आणि मुलाला सांगितलं, "मले दवाखान्यात दाखवा. खऱ्या दवाखान्यात."

अकोल्याच्या दवाखान्यातली डॉक्टर वयाने लहान होती, मंजुषापेक्षा, म्हणजे बेबीताईच्या सुनेपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी असेल. तिने बेबीताईचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि एकेक बोट हळूच हलवून पाहिलं.

"मावशी, तुम्हाला हात कशासाठी पाहिजे?"

बेबीताईला प्रश्न कळला नाही. "कशासाठी म्हंजे? हात तं कामासाठीच असते ना, बाई."

"कोणतं काम?"

"शाळेची खिचडी."

डॉक्टरने टेबलाच्या खणातून एक छोटी वस्तू काढून तिच्या तळव्यावर ठेवली. पांढरी, मऊ, खोडरबराच्या तुकड्याएवढी. दोन्ही टोकांना बारीक शेपट्या. "हा सांधा. तुमचा खराब झालेला काढून हा बसवायचा. चार बोटांना चार."

"हे लोखंडाचं नसते का?"

"नाही. हे वाकतं."

"रबरच हाय मंग," बेबीताई प्रसेनजितकडे वळून म्हणाली.

"ऐका मावशी. तुमचं दुखणं जाईल. बोटं सरळ होतील. कप धराल, बटण लावाल, केस विंचराल. पण जड उचलायचं नाही. पातेलं नाही, बादली नाही. आता नाही आणि नंतरही नाही. पटतंय का?"

"पटते," बेबीताई म्हणाली.

तिला पटलं नव्हतं. डॉक्टर लोक असं सांगतातच. माणिकरावचं, तिच्या नवऱ्याचं, हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हाही ओझं उचलू नका म्हणून सांगितलं होतं, आणि पुढच्याच हंगामात तो तुरीची पोती ट्रॅक्टरवर चढवत होता. आधी बोटं सरळ होऊ देत, मग काय उचलायचं ते आपण पाहू, असं तिने मनात धरलं.

बोटं सरळ होणंही सोपं नव्हतं. खिडकीतल्या बाबूचा कॉम्प्युटर अखेर राजी झाला. तारीख मिळाली. त्या तारखेला बेबीताईला ताप भरला आणि त्यांनी परत पाठवलं. दुसऱ्या तारखेला मायलेक पहाटेच निघून पोचले, तर डॉक्टरच बाहेरगावी. बेबीताई उपाशीपोटी बाकावर बसून राहिली आणि दुपारी एका नर्सने येऊन सांगितलं, "आज नाही होणार, जेवून घ्या." प्रसेनजितने हातातली पाण्याची बाटली बाकावर आपटली. कोणीही वळून पाहिलं नाही.

तिसऱ्या खेपेला झालं.

शाळेचं काम थांबून चालणार नव्हतं. थांबलं तर दुसरी बाई लागेल, आणि लागलेली बाई पुन्हा हलत नाही. म्हणून बेबीताईने मंजुषाला आपल्या जागी पाठवलं. मंजुषा कुरकुरली. तिला शिवणाचा क्लास लावायचा होता.

"थोडेच दिवस," बेबीताई म्हणाली. "माहा हात मोकळा झाला का तू मोकळी."

हात मोकळा होईना. टाके निघाले तेव्हा मनगटावर एक साचा बांधला. त्यावर एक आडवी तार, तारेला रबर, रबरांना चामड्याचे चार झुले, आणि एकेका झुल्यात एकेक बोट टांगलेलं. दिवसभर तसंच ठेवायचं आणि बोटं खाली ओढून पुन्हा सोडायची, असा व्यायाम. शेजारची नानीबाई पाहायला आली. तिने आधी बेबीताईच्या पायांकडे पाहिलं.

"सांधा बदलला म्हने. चालता येते का व?"

"हाताचा बदलला, नानीबाई."

"हाताचा?" नानीबाईने झुल्यांकडे टक लावली. "मंग चालता तं येत असनच."

येईल तो हेच विचारायचा. बेबीताई उत्तरं देऊन थकली. डावा हात आधीच निकामी, उजवा टांगलेला. जेवण मंजुषा भरवायची. साडी मंजुषा नेसवायची. केस मात्र माणिकराव विंचरायचा, कारण त्या वेळी मंजुषा शाळेत असायची. त्याचा हात जड होता. कंगवा गुंत्यात अडकला की तो थांबायचा आणि तसाच उभा राहायचा.

"ओढा ना," बेबीताई म्हणायची.

"दुखन तुले."

"डोक्श्याचं दुखनं काय दुखनं हाय? ओढा!"

वेणी एका बाजूला यायची. ती आरशात पाहायची नाही.

संध्याकाळी मंजुषा आली की बेबीताईचे प्रश्न सुरू व्हायचे. दाळ आधी टाकली का तांदूळ? हळद किती? बुडाला लागलं का? पोट्ट्याह्यनं दुसऱ्यांदा मागतलं का? मंजुषा सांगायची. रोज सांगायची. एक दिवस तिने भरवायला घेतलेला घास ताटातच ठेवला.

"आत्याबाई, पोट्टे जेवले. कोनी ओकलं नाही. अजून काय सांगू?"

"इचारू नाही का मी?"

"इचारा. पन मले बी बोलू द्या. सकाळी उठून घरचं करा, मंग तिथलं करा, मंग येऊन तुमचं करा. माहे बी हातच हायेत ना? मले हौस नव्हती तिथी जाची. तुमी म्हनलं म्हून चालली मी."

मंजुषाने ताट जवळ ओढलं, घास उचलला आणि तिच्या तोंडासमोर धरला. तिचे डोळे भरले होते. बेबीताईने घास घेतला. त्या दिवसानंतर तिने प्रश्न विचारले नाहीत, आणि न विचारणं तिला जास्त जड गेलं.

कारण बातम्या इतरांकडून यायला लागल्या. मंजुषा खिचडीत घरच्या झाडाचा कढीपत्ता टाकते. मंजुषा शेंगदाणे भाजून, कुटून टाकते. पोरं तिला मंजूताई म्हणतात. नानीबाईची नात सांगत होती, आजकाल खिचडी लय भारी लागते.

"हो का," बेबीताई म्हणाली, आणि झुल्यातली बोटं खाली ओढून सोडत राहिली.

साचा निघाला तेव्हा तूर काढणीला आली होती. त्यानंतर काही दिवसांनी एका सकाळी ती जागी झाली आणि तशीच पडून राहिली. काहीतरी नव्हतं. काय नाही ते कळायला तिला थोडा वेळ लागला. दुखत नव्हतं. तिने उजवा हात डोळ्यांसमोर धरला. मुठीवरून आडवा गेलेला व्रण, आणि पुढे सरळ, जवळजवळ सरळ, चार बोटं. तिने उठून ब्लाउजचे हुक स्वतः लावले. कपाचा कान धरून चहा प्याली. मग बाहेर ओट्यावर बसून स्वतःचे केस विंचरले, सावकाश. माणिकराव दारात उभा राहून पाहत होता.

"जमलं की व तुले," तो म्हणाला.

"तं मंग!" बेबीताई म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती हसली.

दुसऱ्या दिवशी ती मंजुषाबरोबर शाळेत गेली. नुसतं बसाले येतो म्हणून. राठोड सरांनी खुर्ची दिली. ती खुर्चीवर बसली नाही, खिचडीच्या खोलीत जाऊन पाटावर बसली. तांदूळ निवडले. खडे चिमटीत येत होते. मंजुषा नळावर पाणी भरायला गेली आणि तिथे तिला कोणीतरी बोलण्यात अडकवलं.

पातेल्याच्या बुडाला लागल्याचा वास आला.

गॅस बंद करायचं बेबीताईला सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. तिने गॅस बंदही केला. पण मग ती पातेल्यासमोर उभी राहिली. पातेलं खाली उतरवायला हवं होतं, आणि आज हात दुखत नव्हता. तिने दोन्ही बाजूंना फडकी धरली, उजवा कान बोटांत घेतला, डाव्या कानाखाली जुन्या सवयीने मनगट घातलं आणि उचललं.

उचललं गेलं. शेगडीवरून जमिनीपर्यंत येताना मधेच उजव्या हाताच्या मधल्या बोटात काहीतरी कट् झालं. कळ आली नाही. नुसतं बोटातलं बळ गेलं. तिने दात आवळून पातेलं खाली ठेवलं. थेंबही सांडला नाही.

मंजुषा आली. "अवं, तुमी उतरोलं?"

"बुडाले लागून राह्यलं होतं."

"कायले उतरोलं, आत्याबाई? डॉक्टरीननं..."

"काई होत नाही."

मधलं बोट हळूहळू पुन्हा करंगळीकडे कलायला लागलं. तिने ते कोणाला दाखवलं नाही. हात पदराखाली ठेवायची जुनी सवय पुन्हा सुरू झाली. जेवताना माणिकरावच्या लक्षात आलं. तो तिच्यावर ओरडला नाही. त्याने प्रसेनजितला हाक मारली.

पुन्हा अकोला. पुन्हा खिडकी. फोटो काढला. डॉक्टरने तो उजेडापुढे धरला.

"मधल्या बोटातला सांधा तुटलाय, मावशी. काय उचललं?"

बेबीताईने हात पदराखाली घेतला. प्रसेनजितचा आवाज चढला. "सांग ना, आई! किती चकरा मारल्या आपन! गाडी उभी करू करू आनलं तुले. अन् तू जाऊन पातेलं उचललं?"

"मले पाहाचं होतं."

"काय पाहाचं होतं?"

"उचलते का नाही ते."

"मंग? उचललं?"

"उचललं," बेबीताई म्हणाली.

प्रसेनजितने तोंड फिरवलं आणि तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. डॉक्टरने फोटो खाली ठेवला. "आता हे उघडायला नको. तुटला तरी आतमध्ये आधार राहतो, बोट थोडं वाकडं राहील एवढंच. पण बाकीचे तीन सांभाळा. मी तुम्हाला सांगितलं होतं ना? हा हात पातेल्यासाठी नाही."

"मंग कशासाठी देल्ला?"

"दुखू नये म्हणून."

"बाई," बेबीताई म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, "दुखत होतं तवा काम होत होतं. आता दुखत नाही तं काम नाही. दुखनारा हात असता तं मनात म्हनलं असतं, जाऊ द्या, गेला हात. हा तं चांगला हाय. पाहा, कसा चांगला दिसून राह्यला. याचं काय करू मी घरी बसून?"

डॉक्टरने हातातलं पेन टेबलावर ठेवलं आणि बेबीताईचा हात पुन्हा आपल्या हातांत घेतला. तेवढ्यात पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं, आणि दारात एक म्हातारा गुडघा धरून उभा राहिला.

नव्या सत्राला शाळेला नाव कळवायचं होतं. आदल्या दिवशी मंजुषा चुलीपुढे बसून भाकरी थापता थापता म्हणाली, "आत्याबाई, नाव तुमचंच राहू द्या. उचलाचं, वाढाचं मी पाहीन. तुमी नुसतं बसून सांगा."

"काम तुहं अन् नाव माहं?"

"काय फरक पडते?"

"मले पडते." बेबीताईने पिठाची परात तिच्याकडे सरकवली. "तुले शिवनाचा क्लास लावाचा होता ना?"

मंजुषाने भाकरी तव्यावर टाकली. पाणी फिरवलं. "होता," ती म्हणाली. मग हळूच, "पन आता पोट्ट्याह्यची सवय झाली."

बेबीताईने मान हलवली. त्या सवयीबद्दल तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सकाळी ती एकटीच शाळेत गेली. मंजुषा आधीच खिचडीच्या खोलीत होती. फोडणीचा आवाज आणि कढीपत्त्याचा वास व्हरांड्यापर्यंत येत होता. बेबीताई तिकडे वळली नाही. सरळ राठोड सरांच्या खोलीत गेली.

सरांनी कागद आधीच तयार ठेवला होता. प्रकृतीच्या कारणास्तव काम सोडत आहे, माझ्या जागी सून मंजुषा हिला घ्यावं, अशा दोन-तीन ओळी. त्यांनी त्या मोठ्याने वाचून दाखवल्या.

"बरोबर आहे ना, मावशी?"

"बरोबर हाय."

"तुम्ही म्हणत असाल तर आणखी थोडे दिवस थांबू."

"नाही सर. थांबून काय होते?"

सरांनी खणातून शाईची डबी काढली, झाकण उघडून तिच्यासमोर सरकवली आणि कागद आडवा धरला. गेली कितीतरी वर्षं ते असंच करत आले होते. बेबीताईच्या बोटांत पेन ठरेनासं झालं, तेव्हापासून ती अंगठाच करायची. शिकलेली होती सातवीपर्यंत. पहिल्यांदा अंगठा केला त्या दिवशी ती घरी जाऊन जेवली नव्हती.

तिने डबीकडे पाहिलं.

"पेन द्या," ती म्हणाली.

सरांनी डबी बाजूला सारली. मग खिशातलं पेन काढून त्यांनी टोपण काढलं आणि तिच्या हातात दिलं. बेबीताईने ते अंगठा आणि पहिल्या बोटात धरलं. मधलं बोट आधाराला येत नव्हतं, म्हणून ते तिने डाव्या हाताने खाली दाबून बसवलं. मग कागदावर वाकून लिहायला लागली. बेबी माणिकराव पट्टेबहादूर. आडनाव लांब. रेघ संपली तरी दोन अक्षरं उरली होती. ती तिने रेघेच्या पुढे, मोकळ्या जागेत, तितक्याच सावकाश लिहिली.

बाहेर घंटा झाली, पोरं ताटं वाजवत व्हरांड्यातून धावली.

बेबीताईने पेन परत दिलं, उठली आणि उठता उठता अंगठा पदराला पुसला. मग थांबून तिने त्याच्याकडे पाहिलं. अंगठ्याला शाई नव्हती.